करडू उठलं का?

चैत्र शुद्ध दशमी, शके १८५९
मंगरूळच्या वाटेवर, आंब्याखाली

बैल सोडलेत. उकंडराव चाकाला वंगण घालतोय आणि त्याची बायको गोजराबाई तोंडावर पदर घेऊन घोरते आहे. मला झोप येणं शक्य नाही. ही कोरी वही माहेरी कारंज्याला जाताना दुकानातून उचलली होती. तिथे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आई रोज लाडू करायची आणि मी खायचे. घडलं ते काल, पोहरादेवीच्या जत्रेत. कोणाला सांगायची सोय नाही म्हणून वहीला सांगते.

आमचं मालेगावात कापडाचं दुकान. रामनवमीच्या जत्रेत आमच्या दुकानाचा पाल दरवर्षी पडतो, आणि कारंज्याहून परतताना मी एक दिवस तिथे थांबावं असं ठरलं होतं. मला सातवा लागलाय. आधीची दोन गेली. पहिली मुलगी जन्मली ती रडलीच नाही, आणि दुसरं पाचव्यातच गेलं. म्हणून सासूबाईंनी गाडीवानाबरोबर गोजराबाईलाही पाठवलं. ती आमच्या गल्लीची सुईण आहे. वाटेत काही झालंच तर जाणता हात जवळ असावा, एवढाच हेतू.

जत्रेत नवसाचे बोकड येतात. ज्याची त्याची श्रद्धा, आपण बोलू नये. पण आम्हा जैनांच्या डोळ्यांना ते सोसत नाही. मी दिवसभर गठ्ठ्यांकडे तोंड करून बसले. शेवटी हे म्हणाले, "अवं, गिराइकाले वाटून राह्यलं का दुकानात कोनी रुसून बसलं हाय."

दिवस मावळायच्या आत आमची जेवणं झाली आणि तंबूतल्या सिनेमावाल्याचा माणूस डफ वाजवत आला. "देवाचा बोलपट! आन् त्याच्या आंधी चितराचा खेळ! चितर पयते, चितर भांडते! मानूस नाई, बाई नाई, निरं चितर!" गोजराबाईने मला उठवलंच. हे म्हणाले, "जा. देवाचं पाह्यशीन तं पोटातल्यालेबी चांगलं."

देवाआधी तो चित्राचा खेळ लागला. पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक रेघ उमटली. ती रेघ वळली, तिला दोन कान फुटले, चार पाय फुटले, आणि तिचं करडू झालं. काळंपांढरं, कपाळावर चांद. त्याने अंग झटकलं आणि थेट माझ्याकडे बघितलं. जन्मभर मी रांगोळीत मोर काढत आलेय, हत्ती काढत आलेय. त्यांतल्या एकानेही कधी मान वळवली नाही. मला एवढा आनंद झाला की मी गोजराबाईचा हात दाबला.

मग ते करडू खात सुटलं. दुकानाची पाटी खाल्ली. एका साहेबाची टोपी खाल्ली, तर त्याचं पोट टोपीच्या आकाराचं झालं. साहेब मागे धावला तर त्याने साहेबाची छडी खाल्ली आणि छडीसारखं ताठ चालायला लागलं. दोरीवर वाळत घातलेलं आणखीही एक काही खाल्लं, ते मी लिहीत नाही. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तेवढ्यात उजवीकडून सडक दाबायचं इंजिन आलं, वाशीमच्या सडकेवर असतं तसं, धूर सोडत. करडू पाठमोरं उभं राहून कागद चघळत होतं. इंजिन त्याच्या अंगावरून गेलं आणि करडू पापडासारखं चपटं झालं. अख्खा तंबू हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. टाळ्या वाजवल्या. पोटात बाळाने जोराची लाथ मारली, तेव्हा वाटलं तेही हसतंय.

आणि फट्कन पट्टी तुटली. पडदा पांढरा. लोकांनी आरडाओरडा केला, यंत्राजवळच्या माणसाने काहीतरी खुडबुड केली आणि सरळ देवाचा बोलपट लावला. त्या बोलपटातला एकही देव मला आठवत नाही. बाहेर पडताना मी गोजराबाईला विचारलं, करडू उठलं का?

"कोनतं करडू?" ती म्हणाली. "अवं, खेळ होता तो. झाला."

तिला काय ठाऊक. दर चातुर्मासात सासूबाई सांगतात, पिठाचा कोंबडा करून त्यावर सुरी चालवली तरी जीव मारल्याचंच पाप लागतं, कारण पाप हाताला नाही, मनाला लागतं. आणि मी काय केलं? खरा बोकड दिसू नये म्हणून दिवसभर डोळे झाकले आणि चित्रातला चिरडला तेव्हा टाळ्या पिटल्या. तो पुढे उठला असेल तर मी नुसत्या खेळाला हसले. उठला नसेल तर मी मरणाला हसले, तेही पोटात जीव असताना.

त्या लाथेनंतर पोट गप्प आहे.

चैत्र शुद्ध त्रयोदशी
मालेगाव

आज महावीर जयंती. देवळात उभी असताना बाळ एकदा हललं, झोपेत कूस बदलावी तसं. तेवढंच. पूर्वी दिवसभर दांडगाई चालायची. गोजराबाई पोटाला हात लावून म्हणाली, "भरत आलं का गप होते लेकरू." पहिल्या वेळीही ती हेच म्हणाली होती.

सासूबाईंना सांगायचं धाडस होत नाही. जतनबाई हे त्यांचं नाव निघालं की गावात लोक जपून बोलतात. त्या ओरडत नाहीत, पण खोटं म्हणून बोलत नाहीत, आणि ते ओरडण्याहून वाईट. सत्याचं व्रत आहे त्यांचं. गिऱ्हाइकाने विचारलं, हा रंग टिकेल का, तर आतून आवाज देतात, "दोन धुन्यात जाईन." हे त्यांना दुकानाच्या बाजूला फिरकू देत नाहीत. पहिली मुलगी गेली तेव्हा शेजारच्या बायका मला म्हणत होत्या, झोपली आहे ती. सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "गेली, सूनबाई. रडून घे." मी अजून ते विसरले नाही.

त्यांनी जर सांगितलं की पाप लागलं, तर ते लागलंच.

चैत्र वद्य पंचमी

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालंय. आज भाकरीला पीठ घेतलं, ताटात पसरलं आणि माझं मलाच कळलं नाही, बोटाने त्यात करडू काढलं. कान, चार पाय, कपाळावर चांद. हुबेहूब झालं. क्षणभर फार छान वाटलं, हलेल की काय असं वाटलं.

मग लक्षात आलं की भाकरी करायची तर हे पुसावं लागेल. हात पुढे जाईना. ताट घेऊन मी तशीच बसले. चुलीतली लाकडं जळून गेली. सासूबाई आल्या.

"हे काय हाय?"

"करडू."

"पिठात काहून?"

मग मी सगळं सांगितलं. लपवायचं त्राणच उरलं नव्हतं. बोकडांना पाठ करून बसले ते, खेळ, टोपी, इंजिन, टाळ्या, तुटलेली पट्टी, गप्प झालेलं पोट. त्या समोर बसून ऐकत होत्या.

"तू हासली?"

"हो."

"इंजिन कोन्या बाजूनं आलं?"

"उजवीकडून."

"आन् अंगावरून गेल्यावर? थांबलं का तसंच पुढं गेलं?"

"पुढे गेलं. मग तुटलं."

मी वाट बघत होते की म्हणतील, वेडी आहेस, असं काही नसतं. एक शब्द दिलाशाचा नाही. उठल्या, ताट उचललं आणि परसात गेल्या. मी दारातून बघत राहिले. त्यांनी ते पुसलं नाही. लिंबाखाली मुंग्यांचं वारूळ आहे, तिथे ताट अलगद ठेवून आल्या. मुंग्यांना पीठ घालणं आमच्यात पुण्याचं, पण ताटासकट कोणी ठेवत नाही. संध्याकाळपर्यंत करडाचा एक कान आणि दोन पाय मुंग्यांनी नेले होते.

जेवताना त्यांनी तूप घेतलं नाही. माझ्यावर रागावल्या आहेत हे उघड आहे.

चैत्र वद्य द्वादशी

हे जत्रा आवरून, पुढचे बाजार करून परत आले. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, तंबूतला तो चित्राचा खेळ तुम्ही पुढे कधी पाहिला का, त्यात एक करडू आहे, ते इंजिनाखाली येतं, मग उठतं का?

"उठलं असन," हे म्हणाले. "नाई तं जाईन कुठी?"

"पण तुम्ही पाहिलं का?"

"मी कायले पाहू? मले गठ्ठे बांधाचे होते. तुले करडू पायजे का? आनू का एक?" आणि स्वतःच हसले.

यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. एवढं मात्र कळलं की तो तंबू आता रिसोडकडे गेलाय. इथे येईल का विचारलं तर म्हणाले, पावसाच्या आत वाशीम गाठायचंय त्यांना. मला गाडीत बसायची आता बंदी आहे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यामुळे मी उंबरठ्यावरून जोरात उतरले तरी घरातली दोन्ही माणसं श्वास रोखतात.

दुपारभर हात पोटावर ठेवून बसते. हललं की देवाचं नाव घेते, नाही हललं की अंगाला घाम सुटतो.

वैशाख शुद्ध षष्ठी

सासूबाई भावाकडे रिठदला गेल्या. आजवर बोलावणं आल्याशिवाय कधी गेल्या नाहीत. काल बाजारच्या माणसाकडून कळलं की सिनेमाचा तंबू सध्या रिठदलाच लागलाय. नशिबाचा खेळ बघा. ज्या माणसाला त्या तंबूशी देणंघेणं नाही ते माणूस तिथे गेलंय, आणि मी इथे भिंतीकडे बघत बसलेय.

वैशाख शुद्ध अष्टमी

परत आल्या. काहीतरी वाईट झालंय. चेहरा उतरलेला, माझ्याकडे बघत नाहीत. मी पाणी दिलं तर पेला तसाच खाली ठेवला. भावाकडे भांडण झालं असेल म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ बरा हाय." आजचा उपवास केला, उद्याचाही करणार म्हणतात. सामायिकाच्या ध्यानाला बसल्या त्या उठेचनात. त्यांची जपमाळ भराभर सरकत होती. एरवी त्यांचा जप कसा संथ असतो, रहाटासारखा.

त्यांना भ्यालेलं मी कधीच बघितलं नव्हतं. हे माझ्या भीतीचं सुतक त्यांना लागलं की काय? की माझं पोट बघून त्यांना काही कळलंय, जे त्या खोटं बोलत नाहीत म्हणून बोलतच नाहीत?

वैशाख वद्य द्वितीया

आज डाळ निवडता निवडता सासूबाई एकदम हसल्या. "इजारबी खाल्ली त्यानं," म्हणाल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

दोरीवरची इजार मी या वहीतसुद्धा लिहिली नव्हती, सासूबाईंना कुठून सांगणार? म्हणजे गोजराबाईने चहाडी केली. खेळ झाला म्हणणारी ही बाई घरोघर जाऊन सांगत असणार, दुकानदाराची सून इजार बघून कशी हसत होती ते. "कोणी खाल्ली?" मी विचारलं.

"डाळ पाह्य," सासूबाई म्हणाल्या. "खडे हायेत."

एकही खडा नव्हता.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी

काल अख्खा दिवस बाळ हललं नाही. मी कोणाला बोलले नाही, पण बोलायची गरजच पडली नाही. सासूबाईंनी माझं न जेवलेलं ताट बघितलं आणि येऊन शेजारी बसल्या. माझ्या पोटावर त्यांनी हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी म्हटलं, बाई, ते करडू मेलंच असणार. तुम्हीच सांगा, मेलं ना? त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं होतं एकदा तरी माझ्यासाठी काही बोलतील. उठून गेल्या. संध्याकाळी बाळ थोडं हललं. इतकं थोडं, की मला भास झाला असेल.

गल्लीतल्या बायका बाळासाठी कुंची शिवायला घेतात. मी कापड मागितलेलं नाही. दोन कुंच्या शिवून ठेवलेल्या पेटीत तळाशी आहेत, त्या अजून कोणाच्या डोक्यावर बसल्या नाहीत.

ज्येष्ठ शुद्ध नवमी

आज दुकानात एक माणूस आला आणि मी दाराआड झाले. तंबूतला यंत्रवाला. मोठ्या मिशा, गळ्यात रुमाल. पट्टी तुटली तेव्हा पडद्याच्या उजेडात त्याचाच चेहरा दिसला होता. तंबू वाशीमला निघालाय, फाटलेल्या कनातीला मांजरपाटाचं कापड पाहिजे म्हणून आला. धरमसिंग नाव. हे वसुलीला गेले होते, दुकानावर सासूबाई होत्या.

त्यांनी त्याला परसात नेलं. आमच्या परसात परका माणूस कधी गेलेला नाही. लिंबाखाली बसवलं, पाणी दिलं. माझ्या खिडकीतून दोघे दिसत होते, बोलणं तुटक तुटक येत होतं. सासूबाई काहीतरी मागत होत्या आणि तो मान हलवत होता.

"याच्या पुढचं नाई, माय," तो म्हणाला. "पेटी आली तवाच एवढंच होतं."

"कोनापाशी असन?"

"कोनापाशी नाई. करनारा सात समुद्राच्या पल्याड."

सासूबाई खाली मान घालून बसल्या. मला वाटलं, कनातीच्या कापडाचं काही जुळत नसेल. मग त्या पुन्हा काहीतरी बोलल्या, अगदी हळू, माझ्या खिडकीकडे बघून. धरमसिंगनेही वर बघितलं, मी मागे सरले. पुन्हा डोकावले तेव्हा तो गाडीतून एक चपटा डबा घेऊन येत होता, आणि सासूबाई आत येऊन दुकानातली कात्री घेऊन गेल्या. नमुना कापून घेतला वाटतं. जाताना त्याने सासूबाईंना हात जोडले. म्हणाला, "माह्या घरीबी असंच झालतं, माय. भिऊ नको म्हनाव पोरीले."

कोणत्या पोरीला? मलाच म्हणतोय असं समजून मी उगाच दचकले.

ज्येष्ठ शुद्ध दशमी

नीट लिहिते.

दुपारी सासूबाईंनी मला खिडकीशी बोलावलं. त्यांच्या हातात एक काळसर पट्टी होती, दोन बोटं रुंद, हातभर लांब, कडेला बारीक भोकं. "दिव्याजवळ नेऊ नको," म्हणाल्या. "भडकन पेटते. उनात धर."

मी उन्हात धरली. पट्टीवर एकाखाली एक लहान लहान चौकोन, नखाएवढे. चौकोनात करडू. माझंच करडू, कपाळावर चांद. माझ्या घशातून आवाज फुटला.

मी वरच्या चौकोनापासून बघायला लागले, तर सासूबाईंनी माझं बोट घट्ट धरलं. "तसं नाई," म्हणाल्या. "खालून वर पाह्याचं." बोट त्यांनीच तळाच्या चौकोनावर नेऊन ठेवलं.

तळाला करडू चपटं पडलंय, पापडासारखं. शेजारी डावीकडे ते इंजिन. त्याच्या वरच्या चौकोनात इंजिन थोडं मागे. त्याच्या वर आणखी मागे, करडाच्या अंगावर. मग मागे मागे सरत उजवीकडे जातं, आणि जसजसं अंगावरून उतरतं तसतसं करडू फुगतं. आधी शेपूट, मग पाठ, मग कान. इंजिनाचा धूरसुद्धा परत धुराड्यात शिरतो. केल्याचा पस्तावा झाला असेल त्याला. सर्वांत वरच्या चौकोनात करडू चार पायांवर उभं आहे, तोंडात कागद, जसं काही झालंच नाही. आणि इंजिन पार कडेला, जायच्या बेतात.

"उठलं ते, प्रेमा," सासूबाई म्हणाल्या. "पाह्य. करडू उठलं."

सासूबाईंनी सांगितलं म्हणजे संपलं. त्या गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाहीत, माझ्याशी कशाला बोलतील? त्यांनी मला आजवर नावाने हाकही मारली नव्हती. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. तुम्ही धरमसिंगकडून हे माझ्यासाठी मागून घेतलंत, म्हटलं, आणि मी समजत होते तुम्ही रागावलात. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग मी पुन्हा पट्टी उन्हात धरली, खालून वर, खालून वर. चौथ्यांदा की पाचव्यांदा बघताना बाळाने अशी लाथ मारली की पट्टी हातातून पडली.

संध्याकाळी कुंचीला कापड मागितलं.

ज्येष्ठ वद्य प्रतिपदा

हे वाशीमहून आले. बाजारात वेळ होता म्हणून मुद्दाम माझ्यासाठी तो चित्राचा खेळ बघून आले म्हणे. मी म्हटलं, मला कळलंय, करडू उठतं. तर यांचं भलतंच.

"अवं, त्याच्यात इंजिनच नाई," हे म्हणाले. "करडू टोपी खाते, छडी खाते, इजार खाते, कागद खाते, आन् खेळ खलास. लोकं हासत हासत देवाकडे वळते."

तुमचा डोळा लागला असणार, मी म्हटलं. यांनी शपथ घेतली. सासूबाई तिथेच वाती वळत होत्या, म्हणाल्या, "नसन तं बरंच हाय." नेहमी शब्दाची सालं काढणाऱ्या सासूबाई आज एवढ्यावर थांबल्या. मी पट्टी आणून दाखवणार होते, पण त्या म्हणाल्या, ठेव, पोराले खेळाले होईन, याले काय कळते.

ज्येष्ठ वद्य त्रयोदशी

तीन दिवसांनी हातात पेन्सिल धरतेय. सुतक आहे, पण वहीला कसलं सुतक.

दशमीला पहाटेच पोट दुखायला लागलं ते उन्हं चढली तरी सुटेना. गोजराबाई होती, सासूबाई उशाशी. मी पट्टी मागितली. तिथे उजेड नव्हता, काही दिसत नव्हतं. पण ती मुठीत धरून मी मनातल्या मनात म्हणत राहिले, खालून वर, खालून वर. गोजराबाईला वाटलं मी भ्रमात आहे.

मुलगा झाला आणि रडला नाही.

गोजराबाईच्या हातात तो निळसर, मऊ, अंगात जीव नसल्यासारखा लोंबत होता. तेच सगळं. तीच खोली, तीच शांतता. गोजराबाईने त्याला उलटं धरलं, पाठीवर चापटी मारली, तोंडातून बोट फिरवलं. काही नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. मला ठाऊक होतं आता त्या पुढे होतील आणि म्हणतील, गेला, सूनबाई, रडून घे.

"उठन," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "ते उठलं, हेबी उठन. मार गोजरा, अजून मार."

गोजराबाईने मारलं. सासूबाई पुटपुटत होत्या, आधी मला वाटलं णमोकार मंत्र म्हणतायत. तो नव्हता. उठ रे करडा, उठ रे करडा, असं त्या म्हणत होत्या.

आणि त्याने एक उचकी दिली, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडला. असा रडला की दुकानातून हे धावत आले.

आषाढ शुद्ध चतुर्दशी

आजपासून आम्हा जैनांचा चातुर्मास. बाळंतपणाचं सुतक फिटलंय, पण देवळात जायला मला अजून अवकाश आहे. सासूबाई आणि हे जाऊन आले.

बाळाचं नाव अजितकुमार ठेवायचं ठरतंय. घरात मात्र कोणी तसं म्हणत नाही. सासूबाईंपासून गोजराबाईपर्यंत सगळे त्याला करडूच म्हणतात. तोंडाला लागेल ते चोखायला बघतो, म्हणजे नाव चुकलेलं नाही. पट्टी मी खिडकीला वर बांधली आहे. ऊन आलं की त्याला दाखवते. सासूबाई जवळ असल्या की स्वतः बोट लावून दाखवतात, खालून वर. एकदा गोजराबाईने कौतुकाने वरून खाली बोट नेलं तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. या वयात माणसाची एकेक गोष्ट पक्की बसते, ती बसतेच.

चातुर्मासात दरवर्षी प्रत्येक जण काही ना काही सोडतो. हे पान खाणं सोडतात आणि दिवाळीआधीच धरतात. सासूबाईंनी या वर्षी देवासमोर गूळसाखर सोडली, आणि चार महिन्यांपुरती नाही, जन्मभरासाठी. त्यांना गोड किती आवडतं हे मला ठाऊक आहे. नातवाच्या बारशाचं सुद्धा खाणार नाहीत. मी विचारलं, अहो, एवढा कडक नियम कशाला?

"एक खोटं बोलनं झालं माह्या हातून," त्या म्हणाल्या. "त्याचं हे."

मी हसलेच. सासूबाई आणि खोटं. कोणाशी बोललात, म्हटलं, आणि काय?

त्यांनी करडाला मांडीवर घेतलं, त्याची कुंची सारखी केली आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आता आठवत नाई."

एवढी वर्षं मी या घरात आहे. आज पहिल्यांदाच मला वाटलं, की सासूबाई माझ्याशी खोटं बोलतायत.